खोल्या रिकाम्या व्हायचे दिवस

मे महिना लागला की डहाणूजवळच्या मसोलीतल्या आमच्या गल्लीत गाद्या चालायला लागतात. वरून तसंच दिसतं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. खाली कुणीतरी गुंडाळलेली गादी डोक्यावर घेऊन रिक्षाकडे निघालेलं असतं. माणूस दिसत नाही, फक्त गादी आणि तिच्याखाली घाईघाईने पडणारी दोन पावलं. परीक्षा संपलेल्या असतात. वर्षभर इथे भाड्याने राहिलेली पोरंपोरी आपापल्या गावी निघालेली असतात, आणि कोपऱ्यावर कचऱ्याच्या डब्याशी ढीग वाढत जातो. कान तुटलेली बादली, हँगर, पोळपाट, कुणाचा तरी अर्धा फुटलेला आरसा, ज्यात येणाऱ्याजाणाऱ्याचे नुसते गुडघे दिसतात.

त्या आठवड्यात माझं चित्त ठिकाणावर नसतं. आरोग्य केंद्रातली ड्युटी करून येते, चहा ठेवते आणि तो उतू जातो. कपाट उघडते, चादरींच्या घड्या मोडते, पुन्हा घालते. कुठेतरी जायचं राहिलंय असं वाटत राहतं, आणि कुठे ते आठवत नाही. वाराही तसाच असतो. दुपारी समुद्रावरून येतो, चिकूच्या वाड्यांमधून गरम होऊन आत शिरतो आणि पडदे आपटत बसतो. वळिवाचा पत्ता नसतो. सगळं नुसतं तापून थांबलेलं.

परवा शेवटी खाली उतरले. एक मुलगी चादरींचं गाठोडं डब्यात कोंबत होती. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती चादरी.

"टाकतेयस?"

"हो. घरी नेऊन काय करू? आई म्हणते, खोलीवरचं काही आणू नको घरात. काकी, तुम्हाला हव्यात का?"

काकी कोण, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग हसू आलं. "मला नको. पण आमच्या दवाखान्यात लागतात. इतकी मऊ चादर नवी विकत मिळत नाही."

मुलीने एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "थांबा मग, वर अजून आहेत." ती जिन्यावरून पळत वर गेली. मी रस्त्यात गाठोडं धरून उभी राहिले. त्या कापडाला वास होता: साबणाचा, डासांच्या अगरबत्तीचा आणि बंद खोलीत घालवलेल्या उन्हाळ्याचा. तो नाकात गेला आणि मी आमच्या हॉस्टेलच्या मेसच्या हॉलमध्ये जाऊन पोचले.

नर्सिंगचं आमचं ते शेवटचं वर्ष. कॉलेज डहाणूत, आणि हॉस्टेलमध्ये राहणं सक्तीचं. त्यामुळे माझं घर चिंचणीला, म्हणजे तसं हाकेच्या अंतरावर असूनही मी हॉस्टेलवरच राहत होते. इतकी वर्षं आम्ही घंटेवर जगलो. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, वॉर्डात कुणी "सिस्टर" म्हणालं की हातातला घास टाकून धावायचं. मग एका दुपारी शेवटचा पेपर झाला आणि घंटा थांबली. निकाल लागलेला नाही, नोकरी नाही, अभ्यास नाही. आम्ही नर्सही नव्हतो आणि विद्यार्थिनीही. हातांना काम नव्हतं. पंख्याखाली पडलं तर झोप येत नव्हती, आणि उठलं तर करायला काही नव्हतं. पोरी गॅलरीत येरझाऱ्या घालत होत्या. कुणी उगाच केस कापून घेतले. कुणी कुणाशी भांडून तीन वर्षांची मैत्री मोडली आणि संध्याकाळी पुन्हा जोडली.

तेवढ्यात भोईरबाईंनी सांगितलं की आठवड्याभरात सगळ्या खोल्या रिकाम्या करा. भोईरबाई आमच्या रेक्टर. उंच, आवाज खडा, पण तापात पोरीच्या उशाशी बसणाऱ्या. म्हणाल्या, "गच्ची गळतेय, पावसाच्या आत दुरुस्ती व्हायला हवी. बांधकामवाले येणार आहेत. खोलीत जे राहील ते भंगारात जाईल. मागून रडत यायचं नाही."

मी आणि हेतलने ते काम अंगावर घेतलं. हेतल डहाणू गावातली, घरी गुजराती बोलणारी, मराठी बोलताना चिडली की मध्येच गुजरातीत शिरणारी. कुणी सांगितलं नव्हतं, पण नुसतं बसवत नव्हतं. मेसच्या हॉलमधली टेबलं बाजूला सारून आम्ही ढीग लावायला सुरुवात केली. धड गणवेश नव्या पोरींसाठी. बादल्या, मग, मच्छरदाण्या वेगळ्या. वह्यांची रद्दी एका कोपऱ्यात. फुटकं, गंजलेलं दारापाशी, भंगारवाल्याला.

एका मुलीपाशी तीन वर्षांत किती सामान साठतं ते तेव्हा कळलं. पांढरे बूट, खडू फासून फासून कडक झालेले, हॉलच्या भिंतीला रांगेने उभे केले तर वॉर्डात राउंडला निघालेल्या सिस्टर मध्येच अदृश्य झाल्यासारख्या वाटत होत्या. पातळ झालेल्या उशा. प्रॅक्टिकलसाठी घेतलेली रबरी शीट, जी पेशंटखाली अंथरतात. कुणाचं उरलेलं लोणचं, त्याच्या बरणीवर दोघींचा हक्क. कॉलरच्या आत निळ्या दोऱ्याने विणलेली नावं उसवताना पोरी मुद्दाम वेळ लावायच्या. नाव निघालं की तिथे सुईची भोकं राहायची, आणि नव्या पोरीच्या मानेला ती कळणारही नव्हती.

एका आश्रमशाळेच्या बाई सामान बघायला आल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने गठ्ठे पुढे केले. त्यांनी एक चादर उलगडली, मधलं भोक आम्हाला दाखवलं आणि शांतपणे परत घडी घातली. म्हणाल्या, "पोरींनो, तुम्ही जे अंगावर घ्याल तेवढंच द्या." त्या गेल्यावर हेतल लालबुंद झाली होती. मग आम्ही सगळे गठ्ठे सोडले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसलो.

सगळ्या खोल्या झाल्या. राहिली आमचीच. आणि आमच्या खोलीत रमिलाची खाट.

रमिला माझी खोलीतली जोडीदारीण. तलासरीच्या पुढे, उधव्याच्या रस्त्याला आत तिचा पाडा. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. बोलायची कमी. पण पेशंटला कुशीवर वळवायचं असलं की मोठ्या सिस्टरसुद्धा तिलाच हाक मारायच्या, कारण तिच्या हातांत पेशंट कण्हत नसे. होळीला ती घरी गेली. परत येणार त्याच आठवड्यात तिचे वडील ताडगोळे काढायला ताडावर चढले आणि खाली पडले. कंबरेचं आणि मांडीचं हाड मोडलं. आधी वलसाडच्या दवाखान्यात, मग घरी. सुरुवातीला तिचा भावाच्या फोनवरून फोन यायचा. "येते गं दोन दिवसांत." मग ते दोन दिवस लांबत गेले. हजेरी कमी पडली. परीक्षा आली आणि गेली. तिचा नंबर असलेल्या बाकावर कुणीच बसलं नाही. मी मागच्या बाकावरून तीन तास तिच्या रिकाम्या जागेकडे बघत पेपर लिहिला. त्यानंतर फोन लावला की एकच बाई बोलायची: संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

मी खोलीत शिरले तेव्हा हेतलने रमिलाचे गणवेश घडी करून नव्या पोरींच्या ढिगासाठी उचलले होते.

"ते ठेव," मी म्हटलं.

"ती येणार आहे?"

"माहीत नाही."

"मग? धड कपडे आहेत. भंगारात जाण्यापेक्षा कुणाला तरी मिळू देत."

"हेतल, ते टाकलेले नाहीत. तिने ते टाकलेले नाहीत."

"तो हूं शुं करूं? मी काय करू मग?" हेतल एकदम ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "मलापण वाईट वाटतं. पण शनिवारी कुलूप लागणार. तुझ्या डोक्यावर ठेवणार आहेस खाट?"

मी तिच्या हातातून गणवेश ओढून घेतले. ती दार आपटून गेली.

मी भोईरबाईंकडे गेले. त्या खुर्चीवर चढून स्वतःच्या खोलीतलं जळमट काढत होत्या. मी विचारलं, "बाई, रमिलाचं नाव कॉलेजमधून काढलं का?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या म्हणतात."

"नाव आहे. राहिलेली वॉर्ड ड्युटी पावसाळ्यात भरून काढली तर पुरवणी परीक्षेला बसता येईल तिला. मी स्वतः बोलून ठेवलंय वर." त्या खुर्चीवरून खाली उतरल्या. "पण ती आली पाहिजे ना. मी दोनदा निरोप धाडला. पोचला की नाही देव जाणे. आणि हे बघ, तिचं सामान मी ठेवू शकत नाही. छप्पर उघडं पडणार आहे."

त्या रात्री मी झोपले नाही असं नाही, पण झोपेत सारखी सामान भरत होते. सकाळी उठले ती ठरवूनच. रमिलाची पत्र्याची पेटी भरली. गणवेश, बूट, पुस्तकं, आरसा, मच्छरदाणी. बादलीत डबे कोंबले. मग मेसच्या हॉलमध्ये जाऊन ढिगातून मऊ चादरी काढल्या, दोन उशा, रबरी शीट. घरात माणूस पडून आहे म्हटल्यावर चादरी कितीही असल्या तरी कमीच. हेतल दारात उभी होती. आमच्यात अजून अबोला होता. तिने न बोलता गाठोड्याची दुसरी बाजू धरली आणि एसटी स्टँडपर्यंत आली.

तलासरीला उतरून पुढे शेअर जीप. पेटी टपावर चढली. बाहेर शेतांतून भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते. पाचोळ्याचा, शेणाचा धूर रस्त्यावर आडवा पसरला होता आणि ऊन त्यात पिवळं दिसत होतं. मोहाची झाडं नवी तांबूस पानं घेऊन उभी. जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई होती, मांडीवर कोंबडी घेऊन. तिने टपाकडे बोट दाखवून विचारलं, "पोरीचा लगीन झाला काय? सामान चालला सासरी?"

"नाही. मैत्रिणीचं आहे. तिच्या घरी परत नेतेय."

"परत?" बाईच्या चेहऱ्यावर एकदम कणव आली. "टाकली काय नवऱ्यानं?"

मी सांगितलं काहीतरी, पण तो शब्द माझ्या कानात अडकला. परत. तोवर मला वाटत होतं की मी एक चांगलं काम करायला निघालेय. आता टपावर पेटी प्रत्येक खड्ड्यात धडधडत होती आणि मला ती खाली उतरवून कुठेतरी झाडामागे लपवावीशी वाटत होती. पण जीप थांबेपर्यंत माणूस काय करू शकतो? मी बोटं मोडत बसले.

घर रस्त्यापासून आत. कुडाच्या भिंती, पुढे पानांचा मांडव. मांडवाखाली खाटेवर रमिलाचे वडील, भिंतीकडे तोंड करून. रमिला अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून हसली, खरंच हसली, दोन पावलं धावली. मग तिला माझ्यामागून पेटी घेऊन येणारा जीपवाला दिसला. ती जागीच थांबली. हातातल्या लुगड्यातून पाणी गळत होतं.

"काढून टाकला ना मला?"

"नाही गं. तसं नाही. गच्चीची दुरुस्ती आहे, सगळ्यांनाच खोल्या..."

"सामान घेऊन आलीस."

"ते भंगारात गेलं असतं, रमिला."

तिने मान हलवली, जणू सगळं समजलं. पण ती मला ऐकतच नव्हती. मी पुरवणीचं सांगितलं, भोईरबाईंचं सांगितलं. शब्द तिच्या चेहऱ्यावर आदळून खाली पडत होते. डोळ्यांसमोर पेटी होती, आणि पेटी माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होती.

तिची आई आतून आली. लहानशी, चपळ बाई. पेटी बघून तिच्या तोंडावर उजेड पडला. "बरा झाला गं पोरी! सामान आला घरी. आता जायाचा-यायाचा काय नाय. हिची मावसबहीण उंबरगावला कंपनीत जाते, तिथं लागेल ही पण. बापाजवळ राहील." तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. इतक्या प्रेमाने आभार मानले की मी तांब्या तसाच खाली ठेवला.

मग रमिलाने पेटी उघडली आणि वाटायला सुरुवात केली.

शेजारच्या काकी आल्या होत्या, त्यांना बादली. मच्छरदाणी बाबांच्या खाटेला. आरसा आईला. बूट हातात घेतले, उलटे केले, तळ पाहिले. "माझ्या पायाच्या मापाचा कुणी आहे का इथं?" कुणीतरी हसलं. गणवेश बाहेर काढले आणि म्हणाली, "कापड चांगला आहे. पोरांचे शाळेचे सदरे होतील." ती भराभर देत होती, कुणाच्या तोंडाकडे न बघता. मेसच्या हॉलमध्ये आम्ही आठवडाभर जे केलं तेच ती अंगणात घटकाभरात उरकत होती. आमच्या ढिगात आम्हाला नको असलेलं होतं. इथे एकही वस्तू तिला नको असलेली नव्हती.

मला ओरडावंसं वाटत होतं. उठून अंगणाला फेरी मारली, पुन्हा बसले. कुणाच्या घरात, कुणाच्या बापासमोर मी काय बोलणार होते? मी जाणार होते संध्याकाळच्या जीपने. ती राहणार होती.

तेव्हा खाटेवरून आवाज आला. शब्द नव्हता, दातांमधून सुटलेला श्वास. मी वळले आणि मला वास आला. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तो ओळखता येतो.

"पाठीला जखम झालीय?" मी हळूच विचारलं.

रमिलाचे हात थांबले. "कंबरेखाली. मिठाच्या पाण्याने रोज पुसते. पण नीट वळवता येत नाही गं एकटीला. तो पाय सांभाळावा लागतो. आई धरायला घाबरते, ते ओरडले की ती सोडूनच देते."

"चल," मी म्हटलं. "पाणी उकळ."

आम्ही हात धुतले. गाठोडं सोडलं. एक चादर लांबट घडी करून बाबांच्या खाली सरकवली, तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरल्या, मी एका बाजूला, ती दुसऱ्या. तीन वर्षं आम्ही हे एकत्र केलं होतं. बोलायची गरज नव्हती. तिने फक्त वडिलांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, आता वळवतो. श्वास सोडा. पाय माझ्याकडं आहे, पडणार नाय." आणि आम्ही वळवलं. अख्खा माणूस एका लयीत कुशीवर आला. ते ओरडले नाहीत. गुडघ्यांमध्ये एक उशी, पाठीशी दुसरी, खाली रबरी शीट. तिने जखम धुतली, स्वच्छ कापड लावलं, ओली चादर काढून कोरडी अंथरली, कुठेही सुरकुती नाही. सगळं होईपर्यंत काकी बादली धरून तशाच उभ्या.

बाबांचं तोंड आता आमच्याकडे होतं. इतके दिवस भिंतीकडे बघणारा तो माणूस आपल्या लेकीकडे बघत राहिला.

"असा वळवायला शिकवतात काय तिकडं?" त्यांनी विचारलं.

"हां, बाबा."

"मला वाटला, नुसत्या सुया टोचायला शिकवतात." त्यांना बोलताना दम लागत होता. "परीक्षा हुकली तुझी. माझ्यापायी."

रमिलाने ओली चादर गोळा केली.

"ही पोरगी सांगत होती मघाशी, परत बसता येतं म्हणून. मी ऐकला सगळा. खरा का ते?"

"खरं आहे, बाबा," मी म्हटलं. "पावसाळ्यात ड्युटी भरायची आणि मग परीक्षा."

"मग जा."

आई पुढे आली. "आणि तुमचा कोण करील? वळवील कोण?"

"तू," बाबा म्हणाले. "तुला शिकवील ही."

"मला नाय जमायचा. तुम्ही ओरडता."

"नाय ओरडणार."

आई रडायला लागली आणि रडता रडताच तिने चादरीची कड मुठीत धरून पाहिली. चुकीची धरली. रमिलाने तिची मूठ सोडवली आणि पुन्हा नीट धरून दिली.

मला वाटलं होतं की आता रमिला माझ्याबरोबर निघेल. ती म्हणाली, "आईला जमेपर्यंत राहते." मी एकटीच संध्याकाळच्या जीपमध्ये बसले. ती येईल असं वचन तिने दिलं नाही आणि मागायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस चिंचणीला काढले. तेवढे अस्वस्थ दिवस मी निकालाच्या वेळीही पाहिले नाहीत. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, जमिनीवर जवळा पसरलेला. पाऊस यायच्या आत सगळं वाळून भरून ठेवायची आईची घाई. मी मदतीला जायची आणि वाळलेलंच पुन्हा उलटवत बसायची. रस्त्यावर रिक्षा थांबली की मान वळायची.

"काय गो, नवरा यायचा आहे की काय तुझा?" आईने एकदा विचारलंच. मग मी तिला सगळं सांगितलं. हॉस्टेल बंद आहे, रमिला आली तरी राहणार कुठे, हेही. आई बोंबील खुडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे इथंच राहील की. त्यात काय एवढा विचार करायचा?"

आभाळ भरून यायला लागलं होतं, आणि आम्ही सगळे मासे आत घ्यायला धावत होतो, तेव्हा ती आली. हातात एक कापडी पिशवी. एवढंच. मी टोपली खाली ठेवली आणि काहीतरी मूर्खासारखं विचारायचं म्हणून विचारलं, "सामान?"

"घरी आहे. लागतंय सगळं तिकडं," ती म्हणाली. "गणवेश तेवढे परत मागून आणले. काकी द्यायला तयार नव्हत्या." आणि मग, "आई वळवते आता. पहिल्या वेळेला दोघंही रडले."

माझ्या आईने तिच्या हातात टोपली दिली. "ये गो, आधी हा जवळा आत ने."

तो पावसाळा रमिला आमच्याकडे राहिली. सकाळी डहाणूला ड्युटीला जायची, भिजून परत यायची. माझे कपडे घालायची, माझ्या आईची शाल पांघरून पुस्तक घेऊन बसायची. माझा निकाल लागला, मला नोकरी लागली. ती आणि माझी आई घरात दोघीच असायच्या आणि मी घरी आले की मलाच पाहुणी झाल्यासारखं वाटायचं. अभ्यास तिला सोपा गेला नाही. एका विषयात ती पहिल्यांदा राहिली, पुन्हा बसली, आणि सुटली. हेतल पेढे घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "बघ, मी म्हटलं होतं ना, धड कपडे आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." तिघी इतक्या हसलो की आई आतून बघायला आली.

आता रमिला वापीला एका दवाखान्यात आहे. फोन क्वचित होतो. माझी ड्युटी संपते तेव्हा तिची सुरू होते. मैत्रीसुद्धा पातळ होते, त्याचं मला आताशा फार वाईट वाटत नाही. पण मे महिन्यात वाटतं. गाद्या चालायला लागल्या की मला कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावंसं वाटतं, आणि भीतीही वाटते, की माझ्या हातात काय आहे ते बघून आतल्या माणसाला काय वाटेल. परवाची ती मुलगी चादरींचं दुसरं गाठोडं घेऊन खाली आली तेव्हा मी तिला विचारलं, "तुझ्या खोलीतल्या सगळ्या गेल्या का गं?" तिला वाटलं, मी आणखी चादरी मागतेय. "हो, सगळ्या गेल्या," ती म्हणाली. मी तरीही तिच्या खिडकीकडे बघत थोडी उभी राहिले.

पुढच्या वर्षी वापीची नोकरी लागली तेव्हा रमिलाने मला पाड्यावर बोलावलं होतं, तिला निरोप द्यायला. भाताच्या कापणीचे दिवस. सगळीकडे पेंढ्या, हवेत कोरडा गोड वास. बाबांना तिने आधी बसवलं होतं, मग खाटेच्या कडेला पाय सोडायला लावले होते, आणि महिनोन् महिने रागावून, समजावून, धरून चालायला वेळूची चौकट बांधून उभं केलं होतं. मी गेले तेव्हा ते दारात त्या वेळूच्या चौकटीला धरून उभे होते. रस्त्यापर्यंत येतो म्हणाले. रमिला म्हणाली, नको. ते आले. आई एका बाजूने, हात न लावता, पण लावायच्या तयारीत. ते एवढंसं अंतर यायला इतका वेळ लागला की जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, आणि मग मान वळवून पाहिल्यावर वाजवायचा थांबला.

जीप भरलेली होती. आम्ही दोघी मागे कशाबशा बसलो.  बाबांना घाम आला होता आणि पाय थरथरत होते. रमिला डोळे पुसेल, हात हलवेल, असं मला वाटलं. तिने जीपमधून अर्धं अंग बाहेर काढलं आणि वॉर्डात हाक मारावी तशा खणखणीत आवाजात ओरडली, "बाबा, गुडघा सरळ!"

म्हाताऱ्याने चौकट घट्ट धरली आणि गुडघा सरळ केला.